एक्केचाळिसावं टोपण

साहेबांचा फोन आला तेव्हा टोपणराव कारखान्यातल्या आपल्या टेबलाशी बसून एकच टोपण एकशेनव्वदाव्यांदा उघडत होते.

"ठरलेलं घर रद्द झालं," साहेब म्हणाले. "तिथं दोघांना गालगुंड झालंय. तपासनीस बाई मात्र निघाल्यात. आता चाचणी तुमच्या घरी."

"पण साहेब, बाईंची अट आहे ना, की घरातल्यांनी हे टोपण आधी पाहिलेलं नसावं. आमच्या घरात तर..."

"मग नाही पाहिलेलं," साहेब म्हणाले. "आणि ते तुमचं घरही नाही. तुम्ही कंपनीचे प्रतिनिधी म्हणून बाईंना घेऊन जायचं. त्यांना तुमचं घर कुठं माहितेय? एक तास आहे तुमच्याकडे."

टोपणराव हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलं होतं आणि घरानं ते बिनतक्रार उचललं होतं. गेली अडीच वर्षं ते पावडरच्या डब्याचं एक टोपण करत होते. डाव्या बाजूला पाव फेरा द्यायचा की भोक उघडतं, डबा कलता केला की बरोबर एक चमचा पावडर पडते, आणि हात काढला की टोपण आपोआप टक करून असं बंद होतं की आत दमट हवेचा कणही शिरत नाही. त्या नुसत्या 'टक'वर त्यांनी सात महिने घालवले होते. दूध पावडर करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं, म्हणजे तपासनीस बाईंच्या कंपनीनं, ते पसंत केलं, तर ते घराघरांत जाणार होतं. नापसंत केलं, तर टोपणांचा विभाग बंद आणि टोपणरावांची रवानगी बादल्यांच्या कड्यांकडे. बादलीच्या कडीत सुधारणा करायला काहीही शिल्लक नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी घाईघाईनं घरी फोन लावला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही येणार, पण तुम्ही इथं नसणार," बायको म्हणाली.

"हो."

"त्यात नवीन काय?"

टोपणरावांना बोलणं लांबवायला वेळ नव्हता. त्यांनी भराभर हुकूम सोडले. घरातले सगळे डबे लपवायचे. मीठ, साखर, दूध पावडर, कपड्यांचा साबण, अंगाला लावायची पावडर, सगळ्यांवर त्यांचीच टोपणं होती, पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत. बाईंच्या नजरेला त्यातलं एक पडलं असतं तरी कारभार आटोपला असता. आणि सासूबाईंना सांगायचं, की टोपण हातात आलं की गोंधळल्यासारखं करायचं.

"थोडंसंच हं," ते म्हणाले. "नाहीतर त्या जीव ओततील."

तासाभरानं टोपणरावांनी स्वतःच्या घराची बेल वाजवली. शेजारी तपासनीस बाई उभ्या होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, काखेत जाड फाइल, गळ्यात दोरीनं लटकवलेलं स्टॉपवॉच. दार बायकोनं उघडलं.

"कोण हवंय?" तिनं टोपणरावांकडे रोखून पाहत विचारलं.

"आम्ही... टोपणाचे," टोपणराव कसेबसे म्हणाले.

बाई आत आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर साखर वाडग्यात होती आणि मीठ बशीत. दूध पावडर एका पातेल्यात होती आणि त्यावर वर्तमानपत्र टाकलेलं होतं. चाळीस डबे कपडे धुवायच्या यंत्रात कोंबलेले होते आणि यंत्राच्या दारापुढे सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या.

"तुमच्याकडे कशालाच झाकण नाही?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला उघड्यावरचं बरं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "जे आहे ते दिसतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग पिशवीतून एक्केचाळिसावं टोपण लावलेला डबा काढला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "आजी, घाई नाही. यातून चमचाभर पावडर काढून दाखवा."

सासूबाईंनी डबा उलटासुलटा केला. कानाशी नेला. वास घेतला. "हे काय असतं?" त्या म्हणाल्या.

"पावडरचा डबा आहे."

"डबा म्हणजे?"

टोपणराव खोकले. सासूबाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. आयुष्यात पहिल्यांदाच जावयानं त्यांना काहीतरी करून दाखवायला सांगितलं होतं आणि त्या ते मन लावून करत होत्या. "आमच्या वेळी असलं नव्हतं बाई," त्या उसासा टाकून म्हणाल्या, "आम्ही आपली पावडर हातातच धरायचो." आणि हे बोलता बोलता, अडीच वर्षांच्या सवयीनं, त्यांच्या डाव्या अंगठ्यानं पाव फेरा दिला, डबा कलला, वाटीत चमचाभर पावडर पडली आणि टक झालं. त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं.

बाईंनी स्टॉपवॉच पाहिलं. "दीड सेकंद," त्या म्हणाल्या.

मग बायकोची पाळी आली. तिनं एका हातानं गॅस बारीक करत दुसऱ्या हातानं डबा उघडला, पावडर काढली आणि डबा परत दिला.

"एक सेकंद," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदाच हातात घेतलात?"

"हो तर."

"वा." बाई सावकाश लिहीत होत्या आणि टोपणरावांच्या मनात चांदणं पडलं होतं ते चोराचं. त्यांना वाटलं, आता निघावं. पण बाईंनी खुर्ची ओढली. "घरात आणखी कोण असतं?"

"आमचे हे," बायको म्हणाली.

"त्यांचं काम काय असतं?"

"कामच असतं. घरी आले तरी कामाचंच बोलतात. आम्ही ऐकतो."

"तुम्हाला काही विचारत नाहीत?"

"कशाबद्दल?"

हे शब्द टोपणरावांच्या तोंडून निसटले होते. प्रतिनिधीनं मध्येच तोंड घातलेलं बाईंना आवडलं नाही. बायकोनं मात्र वळून त्यांनाच उत्तर दिलं. "कशाबद्दलही, साहेब," ती म्हणाली.

टोपणरावांना ते लागलं. पण परक्या माणसाला वाईट वाटून चालत नाही, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मग त्यांचीही चाचणी घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "घरातली सगळी मोठी माणसं, असा नियम आहे. कधी येतात ते?"

"संध्याकाळी," बायको म्हणाली. "उशिरा."

"मी थांबते."

दुपारचे बारा वाजले होते. टोपणराव नवरा म्हणून यायचे तर प्रतिनिधी म्हणून आधी जायला हवं होतं, आणि गेले तरी तेच तोंड घेऊन परत येणार होते. घोडं इथं अडलं असताना सासूबाई स्टुलावरून उठल्या. "मी जरा वर जाऊन चाळणी देऊन येते," त्या म्हणाल्या. बायको चटकन त्या स्टुलावर जाऊन बसली.

दहा मिनिटांनी सासूबाई परत आल्या. त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर होते. डॉक्टर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. पायात घरातल्या सपाता होत्या आणि शर्टाची गुंडी एक घर चुकली होती.

"हे बघा, जावईबापू लवकर आले," सासूबाई म्हणाल्या.

"हो वहिनी, आलो," डॉक्टर सासूला म्हणाले.

बाईंनी सत्तरीच्या जावयाकडे पाहिलं, मग साठी उलटलेल्या सासूकडे, मग चाळिशीच्या बायकोकडे. "ऑफिसमधून आलात?" त्यांनी विचारलं.

"जवळच आहे," डॉक्टर सपातांकडे बघत म्हणाले.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी डॉक्टरांना खुर्चीवर बसवलं आणि डबा हातात दिला. टोपणराव आतल्या आत सुटकेचा श्वास सोडत होते. डॉक्टरांचे हात सफाईचे, चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दाढा काढल्या होत्या. एक टोपण त्यांना काय जड होतं?

डॉक्टरांनी टोपण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरानं. मग बाजूनं दाबलं, मग दोन्ही अंगठ्यांनी. पंधरा सेकंद गेले. तीस गेले. टोपणराव पुढे वाकले.

"फिरवून..." ते म्हणाले.

"तुम्ही बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

मिनिट झालं. डॉक्टर चिकाटीचे होते. त्यांनी डबा उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि टोपणाच्या कडेवर नखानं टिचकी मारली. "हे हलतंय," ते म्हणाले. "ठेवण्यात अर्थ नाही. काढू का?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी डबा दोन गुडघ्यांत घट्ट धरला, टोपणावर चार बोटांची पकड बसवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं आणि सरळ वर ओढलं. अडीच वर्षांचं काम मुळासकट बाहेर आलं. त्याबरोबर आतली पाऊण किलो दूध पावडर छतापर्यंत उडाली आणि मग निवांतपणे सगळ्यांवर उतरली. बाईंची फाइल पांढरी झाली, सासूबाईंचे आधीच पांढरे असलेले केस आणखी पांढरे झाले. डॉक्टर टोपण हातात धरून बसले होते आणि बहुधा सवयीनं वाटीत थुंका म्हणायच्या बेतात होते.

टोपणराव गुडघ्यांवर बसले आणि टोपणाचे तुकडे गोळा करू लागले. आपण कोण आहोत हे ते विसरले. "आतली स्प्रिंग कुठंय?" ते पुटपुटत होते. "स्प्रिंग बघा हो कुणीतरी." त्यांच्या चष्म्यावर इतकी पावडर होती की त्यांना काही दिसत नव्हतं. बायको उठली, त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचा चष्मा काढला, पदराला कोरडा फडका खोचलेला होता त्यानं पुसला, मग त्याच फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, नाकाच्या बाजूनं, कानामागून, आणि चष्मा परत डोळ्यांवर बसवून दिला.

बाईंनी फाइल झटकली. "तुमचे मिस्टर इकडे बसलेत ना?" त्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

"मी नाही," डॉक्टर म्हणाले. "मी वर राहतो."

मग सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, तरी टोपणरावांनी सगळं सांगितलं. गालगुंडापासून सुरुवात केली आणि कपड्यांच्या यंत्रापर्यंत आले. बायकोनं यंत्राचं दार उघडून दाखवलं. बाईंनी वाकून चाळीस डबे मोजून घेतले. टोपणरावांना बादल्यांच्या कड्या दिसू लागल्या होत्या.

"मी आतापर्यंत अकरा घरं बघितली," बाई म्हणाल्या. "सगळीकडे दीड सेकंद, दोन सेकंद. कुणीतरी आधी जाऊन शिकवून ठेवलेलंच असतं. न शिकवलेलं माणूस आज पहिल्यांदा मिळालं." त्यांनी डॉक्टरांकडे आदरानं पाहिलं.

"पण ते दाबायचं नाहीच मुळी," टोपणराव म्हणाले. "फिरवायचं आहे."

"मी पण पहिल्या दिवशी दाबलंच होतं," बायको म्हणाली.

"कधी?"

"पहिलं टोपण आणलंत त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, चुकतेयस."

"मला पण म्हणाले," सासूबाई म्हणाल्या.

टोपणराव आठवू लागले. ऑफिसातल्या टायपिस्टनं दाबलं होतं. पहारेकऱ्यानं दाबलं होतं. साहेबांनीसुद्धा दाबलं होतं, आणि साहेबांनाही त्यांनी अदबीनं सांगितलं होतं, असं नाही, असं. अडीच वर्षं ते टोपण सुधारत होते असं त्यांना वाटत होतं. खरं तर ते माणसं सुधारत होते. त्यांना इतकी लाज वाटली की ते पावडरीतच बसून राहिले.

बाईंनी अहवालात खोटं काही लिहिलं नाही, पण कंपनीकडून दोन महिन्यांची मुदत मिळवून दिली. अटी दोन होत्या. नवीन टोपण टोपणरावांनी घरी आणायचं नाही, दाखवायचं नाही आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि चाचण्या घ्यायला लोक कुठं चुकतात हे ज्याला दिसतं असं माणूस हवं, म्हणून बाईंनी टोपणरावांच्या बायकोला दूध पावडर कंपनीच्या वतीनं नेमून टाकलं. सासूबाईंनी आपल्यालाही घ्या म्हणून सुचवून पाहिलं. बाईंनी त्यांचा अभिनय लक्षात ठेवला असावा, त्या नम्रपणे नाही म्हणाल्या.

बेचाळिसावं टोपण सातव्या आठवड्यात तयार झालं. ते बाईंमार्फत बंद पाकिटातून घरी गेलं. चाचणी चालू असताना टोपण करणारा घरात नको असा नियम होता, म्हणून टोपणराव शनिवारी सकाळी आपल्याच दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. आत बायकोनं आजूबाजूची नऊ माणसं जमवली होती. त्यांनी आजवर फक्त आपापल्या घरचे डबे पाहिले होते.

टोपणरावांनी दाराला कान लावला. बोलणं, हसणं, मग शांतता. मग टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. त्यांनी मोजले. नऊ वेळा टक झालं आणि एकदाही कुणी कुणाला काही समजावून सांगताना ऐकू आलं नाही. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण जिन्यावरून माणसं येत-जात होती.

दार उघडलं. बायको बाहेर आली. हातात फॉर्म होता, कानामागे पेन्सिल होती.

"पास?" टोपणरावांनी उभं राहत विचारलं.

"ते बाई सांगतील. नियम आहे." ती फॉर्म उलटून बघत होती. "शेवटी एक रकाना आहे. टोपण करणाऱ्याला काही सांगायचं असल्यास."

"मग?"

"तो भरला. मागची बाजू पण भरली." तिनं पेन्सिल काढली आणि त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "पुरवणी लागेल. कोरा कागद आहे का?"

कागद घरात होते, आणि घरात जायची त्यांना बंदी होती. टोपणराव जिना चढून डॉक्टरांकडे गेले आणि कागद मागितला. डॉक्टरांनी एक दिला. टोपणराव दोन पायऱ्या उतरले, थांबले, परत वर गेले आणि आणखी चार घेऊन आले.