ताहिराबींना पसंत पडलेली मुलगी

आदिलसाठी मुली बघता बघता ताहिराबींनी चार घरांना नावं ठेवली होती. एक मुलगी फार उंच, एक बुटकी, एक जास्तच शिकलेली. चौथीचं सगळं ठीक होतं, पण तिच्या वडिलांनी पाहुण्यांसमोर जांभई दिली, म्हणून ताहिराबी चहा न पिताच उठल्या. पाचव्या वेळी मात्र आदिलने निर्वाणीचं सांगितलं, "अम्मी, महेक मला आवडलीय. हिच्यात खोट काढलीस तर मी परत मस्कतला जाईन आणि तिथेच राहीन."

मस्कतचं नाव निघताच ताहिराबींचं तोंड बंद झालं. सात वर्षं त्यांनी पोराला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

महेक पनवेलमधल्या एका कॅट कॅफेत कामाला होती. रस्त्यावरची आजारी मांजरं आणून बरी करायची आणि चांगल्या घरी दत्तक द्यायची, असं ते ठिकाण. महेकला आई नव्हती. तिचं सगळं कॅफेच्या किशोरीताईच बघतात, असं तिचा फोटो देताना मध्यस्थाने सांगितलं होतं. शनिवारी चारच्या ठोक्याला ताहिराबी मिठाईचा डबा घेऊन तिथे पोचल्या. आदिल स्कूटर लावायला जागा शोधत मागे राहिला.

नेमकं चार वाजताच मांजर दत्तक घ्यायला एक कुटुंब येणार होतं, आणि महेकचे पाहुणे पाचला येणार अशी किशोरीताईंची समजूत होती. किशोरीताईंनी दारातच विचारलं, "मुलीला बघायला आलात ना? या, बसा. आतच आहे ती."

"हो, हो," ताहिराबी म्हणाल्या.

"आधीच क्लिअर सांगते हं, नंतर कटकट नको. दोन घरांतून परत आलीय."

"दोन?" ताहिराबींनी डबा घट्ट धरला.

"एका घरी सोफा फाडला. दुसरीकडे सासूबाईंना बोचकारलं."

ताहिराबींच्या जिभेवर एक खमंग वाक्य आलं होतं. मस्कत आठवून त्यांनी ते गिळलं. "सासूनेच काहीतरी केलं असेल," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बरोबर ओळखलंत! आणि डाव्या डोळ्याने दिसत नाही तिला."

फोटो एका बाजूनेच का काढला होता, ते ताहिराबींना आत्ता कळलं.

"शिवाय ऑपरेशन झालंय. बाळं व्हायची नाहीत आता."

नातवंडांसाठी कपाटात शिवून ठेवलेली झबली त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि त्यांना रडू फुटलं. पण रडता रडता त्यांना त्या आई नसलेल्या पोरीचीच जास्त दया आली.

"दोनदा परत धाडली गरीब जीवाला! तिचा काय गुन्हा?" त्यांनी डोळे पुसले. "आम्हाला कबूल आहे. पोटच्या लेकीसारखी सांभाळीन."

तेवढ्यात आदिल आत आला. किशोरीताई लगबगीने एक टोपली घेऊन आल्या. "ही घ्या तुमची लेक!"

टोपलीतून एका काबऱ्या मांजरीने ताहिराबींकडे एका डोळ्याने पाहिलं.

"ही तर मांजर आहे!"

"मग तुम्हाला काय हवं होतं?"

"सून!"

आदिलने कपाळाला हात लावला. इतक्यात आतल्या खोलीतून हात पुसत महेक बाहेर आली. तिचे दोन्ही डोळे उत्तम होते आणि हसू आवरत नव्हतं.

"माफ कर बेटा, मला वाटलं तू..."

"आंटी, मी आत औषध पाजत होते. सगळं ऐकलं. तुम्हाला कुणीच पसंत पडत नाही, असं सगळे सांगतात. म्हणून मी आज नकारच देणार होते." तिने मांजरीला टोपलीतून उचलून ताहिराबींच्या मांडीवर ठेवलं. "आता नाही देणार. पण आमच्याकडे नियम आहे, आधी घर बघावं लागतं. आम्ही उद्या येतो."

"मांजरीसाठी?"

"दोघींसाठी."

रविवारी सकाळपासून ताहिराबी स्टुलावर चढून पंखे पुसत होत्या. आजवर त्या सगळ्यांची घरं बघून आल्या, पण त्यांचं घर पारखायला कुणी आलं नव्हतं. खाली गेटपाशी रिक्षा थांबल्याचा आवाज झाला, तशी त्यांनी हातातलं फडकं घट्ट पकडलं.

"आदिल," त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांग, मी पसंत पडेन ना रे?"