चकचकीत फरशी आणि अर्धा नान

"फरशी मी निवडणार! तुम्ही फक्त टाळ्या वाजवायच्या!" पंधरा वर्षांच्या दुर्दोनाने जाहीर केलं.

शुक्रवारी त्यांच्या कोकंद शहरातल्या घरी तिच्या थोरल्या बहिणीला, मुनव्वरआपाला, मागणी घालायला पाहुणे येणार होते. मुलगा आपाला फार आवडलेला! मग स्वयंपाकघराची फुटकी फरशी कशी चालेल?

दुकानात फरशी बसवणारे याकूबउस्ता म्हणाले, "पोरी, खरबरीत घे. स्वयंपाकघरात तेल सांडतं, पाणी सांडतं."

"शी! उंटाच्या जिभेसारखी?" दुर्दोनाने लग्नाच्या हॉलसारखी चकचकीत फरशी निवडली. बूट घालून तिच्यावरून धावली, तीनदा उड्या मारल्या. "बघा उस्ता, घसरले का?"

"नाही बाई!" उस्तांनी हात जोडले.

फरशी बसली. दुर्दोनाने पाहुणे येईपर्यंत आत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. पुलावसुद्धा अंगणात शिजला. वर पठ्ठीने दारातून हात लांब करकरून फरशीला मेण चोळलं!

मुलाची आई, भरभक्कम सबोहतखाला, आल्या. रिवाजाप्रमाणे दाराशी बूट काढले. पायात जाड लोकरी मोजे.

"खाला, बैठक राहू दे, आधी आमचं स्वयंपाकघर बघा!"

खालांनी पाऊल टाकलं आणि दुर्दोनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानात आपण बुटांत होतो!

"खाला, थांबा!"

कसल्या थांबतात! गाडीतून सुटलेल्या कलिंगडासारख्या त्या सुसाट निघाल्या. समोरच्या, अंगणाकडच्या दारातून आई तंदूरमधला गरम नान घेऊन येत होती. खालांनी आधाराला नानच धरला. कट्टकन दोन तुकडे! दोघी धप्पकन खाली, प्रत्येकीच्या हातात अर्धा नान.

आणि कोकंदची रीत अशी: दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडला की सोयरीक पक्की. मग माघार नाही!

दारात बाबा रडकुंडीला आले. रीतीप्रमाणे पाहुण्यांना तीन खेपा घालायला लावायच्या, म्हणून आठवडाभर ते आरशासमोर "विचार करून कळवतो"चा सराव करत होते. "अहो, मी अजून एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही!"

"आता म्हणून काय उपयोग, भाऊ?" खाला बसल्या जागेवरून गरजल्या. "अर्धा नान माझ्या हातात आहे!"

आपाने ओढणीत तोंड लपवलं. पण ओढणी हसत होती!

"फरशी कुणी निवडली?" खालांनी विचारलं.

"मी!" दुर्दोनाची छाती फुगली.

"वा! मुलगी आमची झाली. फरशी मात्र तुम्हालाच लखलाभ! आता उठव मला!"

"आलेच, खाला!" म्हणत दुर्दोना धावली.

मोज्यांत!

आता फरशीवर तिघी बसल्या होत्या.