केळुसकरांचे पाठमोरे पुतळे

श्री. दामोदर केळुसकर बर्फ पडताच प्रथम आपल्या अंगणातील सिमेंटच्या पुतळ्यांना लोकरीच्या टोप्या घालतात आणि त्यानंतरच ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने बाजूला टाकतात. तो बर्फ माझ्या हद्दीत येऊन पडतो. मूळचे मालवणचे हे माझे शेजारी इथे कॅनडातल्या केंब्रिजमधील मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहेत. त्यांच्याविरुद्ध मी नगरपालिकेला फॅक्सने पाठवलेल्या पत्रांत बर्फ हा मुद्दा क्रमांक दोन. मुद्दा क्रमांक एक, खुद्द पुतळे.

“असू द्या हो काका, कोणाचं काय खातायत?” प्रत्येक आक्षेपावर त्यांचे हे ठरलेले उत्तर.

पुतळ्यांचे मूळ जपानात आहे. पत्नी सुलभाताई वारल्यानंतर कारखान्याने केळुसकरांना तिकडे ट्रेनिंगला पाठवले. सुट्टीच्या दिवशी हे गृहस्थ भलत्याच स्टेशनवर उतरले आणि एका आडगावच्या बौद्ध मंदिरात शिरले.

“शेकडो दगडी म्हातारे, काका! गावकऱ्यांनीच हौसेने घडवलेले. एकाच्या गळ्यात कॅमेरा, एक कान कोरतोय, दोघे एकमेकांना टाळी देतायत! पुजारी म्हणाला, नीट शोधा, आपलं गेलेलं माणूस यांत सापडतंच.”

“मग सापडले?”

“संध्याकाळपर्यंत शोधलं,” असे म्हणून ते हसत हसत बेसमेंटमध्ये सिमेंट कालवायला गेले.

पुतळे रस्त्याकडे तोंड करून बसवलेले. माझ्या खिडकीतून फक्त पाठी दिसत. शेवटचा मात्र उभा होता, ड्राइव्हवेच्या अगदी टोकाला, नगरपालिकेच्या जागेत. तो उभारला गेल्यापासून निषेध म्हणून मी उलट्या दिशेने, लांबच्या वाटेने बसस्टॉप गाठू लागलो.

अखेर डिसेंबरात नगरपालिकेच्या बायलॉ ऑफिसर बाई मोजायची टेप घेऊन आल्या.

“सर, धिस वन इज ऑन सिटी प्रॉपर्टी. इट मे हॅव टु गो.”

केळुसकरांचे हसू मावळले. ते त्या पुतळ्यापुढे हात पसरून उभे राहिले. “टेक ऑल. नॉट हर.”

हा काय प्रकार आहे ते पाहण्यासाठी मी तावातावाने पुढच्या बाजूला गेलो.

जॅकेटवरून घेतलेला पदर, हातात ग्रोसरीची पिशवी, मान किंचित रस्त्याच्या वळणाकडे. सुलभाताई. केळुसकरांची शिफ्ट सुटण्याच्या वेळी त्या याच जागी, अशाच उभ्या राहत.

“वी ओन्ली ॲक्ट ऑन कम्प्लेंट्स,” ऑफिसर मला म्हणाल्या. “सर, इज धिस द वन?”

टेप खोटी नव्हती. पुतळा उघडउघड हद्दीबाहेर होता. केळुसकर माझ्याकडे पाहत होते.

मी घसा साफ करून इंग्रजीत निक्षून सांगितले, “मॅडम, माझी तक्रार एका पाठमोऱ्या पुतळ्याविरुद्ध आहे. याला चेहरा आहे. हा तो नव्हे.”

बाईंनी माझ्याकडे, मग पुतळ्याकडे पाहिले आणि टेप गुंडाळली.

त्या गेल्यावर केळुसकर कसेबसे म्हणाले, “काका, चहा टाकू?”

“आधी माझ्या हद्दीतला बर्फ उचला!”

काल जवळच्या वाटेने बसस्टॉपकडे निघालो, तेव्हा सुलभाताईंच्या टोपीवर बर्फ साचला होता. तो मी हातमोज्याने झाडला. त्याविषयी कोणालाही लेखी कळवलेले नाही.