वामनभाऊंचे शॉकअप

आमच्या गल्लीत चारचाकी उभी करायची असेल तर आधी तिची तब्येत दाखवावी लागते. गाडी थांबली रे थांबली की वामनभाऊ बनियनवरच बाहेर येतात, पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी खच्चून खाली दाबतात, सोडतात, आणि ती कशी वर येते ते मान वाकडी करून बघत राहतात. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेव फुलांच्या गाडीतून उतरायच्या आत यांनी ती दाबली. आत नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला. वरातीतले लोक खवळले, तर हे शांतपणे म्हणतात, "उजव्या बाजूचा शॉकअप गेला जी. पोरीले सांभाळून न्या."

वामनभाऊ माझे शेजारी. सिंदेवाहीला आमची भिंतीला भिंत. राईस मिलमध्ये मशीन सांभाळण्यात त्यांची हयात गेली. मिलच्या मालकानं जुनी फियाट काढायची ठरवली तेव्हा ती यांनी घेतली, आणि तेव्हापासून सुमनवहिनींना एक सवत आली, असं आम्ही सगळे चिडवायचो.

"गाडी मरत नाई जी मास्तर," ते मला ऐकवतात, "शॉकअप मरते. लोकं उगाच गाडी भंगारात देते."

शॉकअप म्हणजे चाकाजवळची तेल भरलेली नळी. खड्ड्याचा धक्का ती स्वतः खाते, आपल्या पाठीपर्यंत येऊ देत नाही. फियाटच्या नळ्यांतलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. नवीन मिळायचे कुठून? गाडीच बनायची बंद झाली. गेल्या पावसाळ्यापासून या गृहस्थानं शोध मांडला आणि सोबतीला मला धरलं. मी निवृत्त मास्तर, नाही म्हणायला काही कारणच सापडेना.

चंद्रपूरच्या दुकानदारानं, "काका, ही गाडी मी फोटोत पाहिली आहे," म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. मग कुणीतरी अक्कल दिली म्हणून मालवाहू टेम्पोचे शॉकअप बसवले. पहिल्याच गतिरोधकावर माझं डोकं टपाला आणि जीभ दाताखाली. मी उतरून चांगलं सुनावणार होतो, पण वामनभाऊंचाच चेहरा पार पडला होता.

"कुठं जायचं असलं तर नवी गाडी भाड्यानं करा ना, बाप्पा!" मी म्हटलं.

"नव्या गाडीत चढा लागते जी. इच्यात बसता येते. सोफा हाये सोफा."

एकदा गडचिरोलीहून येताना पोलीस नाक्यावर जवानानं आमची पिशवी उघडली. आत नमुन्याला नेलेल्या, फडक्यात गुंडाळलेल्या तेलकट लोखंडी नळ्या! जवानाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"हे काय आहे?"

"शॉकअप."

"कशाचे?"

"फियाटचे."

"आणि फियाट?"

"ते घरी हाये."

पुढचा प्रश्न येण्याआधी वामनभाऊंनी जाऊन नाक्यावरची जीपच दाबून पाहिली. मी हातापाया पडून सोडवून आणलं. वर रस्ताभर मलाच ऐकवतात, "त्याईचे मागचे दोनी गेले, कोणाले पडलीच नाई."

शेवटी घुग्घुसला देव भेटला. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला एक मिस्त्री जुने शॉकअप उघडून, नवीन सील टाकून, तेल भरून देतो असं कळलं. फियाट रडतखडत तिथे नेली. अंगावरच्या शर्टाचा रंग बदलला एवढी काळी धूळ.

"कडक पाहिजे का नरम?" मिस्त्रीनं विचारलं.

"नरम. पन डोलली नाई पाहिजे."

"बसते कोण?"

वामनभाऊंनी डिकी उघडून धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, काढला, पुढच्या सीटवर आपल्या शेजारी बसवला आणि मागे उशी लावली. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी कोळशाच्या ट्रककडे पाहिलं.

मी मागे बसलो, गाडी निघाली. पहिला खड्डा आला. वामनभाऊंनी गाडी हळू केली, खड्डा पार केला आणि डावीकडे वाकून हळूच विचारलं, "लागलं का वं?"

"अहो वामनभाऊ, कट्टा आहे तो!"

माणूस कानापर्यंत लाल झाला. पुढचा खड्डा चुकवला. मग म्हणाला, "सुमनएवढंच धान भरलं जी. तोलून पाह्यलं."

मग सगळं बाहेर आलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर वहिनींना झोप नाही. डोळा लागतो न लागतो, की कळ येऊन उठवते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक, आणि नातवंडं झालेली बाईसुद्धा मंडईला माहेरी जातेच. वहिनींचं माहेर चामोर्शीजवळ. गेल्या वर्षी त्या बसनं निघाल्या आणि मूल गावच्या स्टँडवर रडत उतरून परत आल्या.

"मायबाप गेले. एक भाऊ हाये, तोबी थकला. या मंडईले तिले नेतोच मी."

मला भयंकर राग आला. "मग आधी सांगायला काय तोंडाला कुलूप होतं? मीही चार ठिकाणी विचारलं असतं!"

"तिले कळलं असतं न जी. अन् जमलं नसतं, तं उगाच आस लागली असती."

मी पुढे वाकून कट्ट्यामागची उशी नीट केली. मिस्त्रीनं तेल कमीजास्त करत आम्हाला पुन्हा पुन्हा फिरायला लावलं, आणि दर खड्ड्याला तो कट्टा आपली चौकशी ऐकत राहिला. मी एकदाही हसलो नाही.

मंडईच्या दिवशी सकाळीच निघालो. वहिनी नव्या लुगड्यात पुढे, मी मागे अनारशांचा डबा सांभाळत. वामनभाऊंचा वेग असा, की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वर वळून पाहिलं.

"अवो, चालवून राह्यले का ढकलून राह्यले?" वहिनी करवादल्या. मूल गाव येईपर्यंत त्यांचा तोंडाचा पट्टा चालूच होता. मग आवाज थांबला. वैनगंगेच्या पुलावर मी पाहिलं, तर त्यांची मान वामनभाऊंच्या डाव्या खांद्यावर कलली होती. तो हात हलू नये म्हणून पठ्ठ्या गिअरसुद्धा बदलत नव्हता. इंजिन कण्हत होतं, पण यांचं लक्षच नव्हतं.

माहेरच्या फाट्यावर वहिनींचा म्हातारा भाऊ उभा होता. फियाट ओळखून त्यानं गमछा हलवायला सुरुवात केली. आम्ही जवळ आलो, त्याच्या समोर आलो आणि तसेच पुढे निघून गेलो.

"अहो, फाटा..." मी पुढे झुकलो. आरशात वामनभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"गप बसा न जी मास्तर," ते कुजबुजले. "झोपली हाये. मंडई कुठी पळून चालली? थोडं फिरवून आनू तिले."

मी मागे वळून पाहिलं. म्हातारा गमछा हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि आमची गाडी हळूहळू पुढे चालली होती.