काळ्या खोलीतला सरळ फळा

जगात सरळ अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे आपली नजर, असं ओळंब्याचं ठाम मत होतं. फोटोंना चौकटी करायच्या आणि त्या लोकांच्या भिंतींवर टांगून द्यायच्या, हा त्याचा धंदा. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. तेच नाव गावाने याला दिलं होतं आणि यानेही ते पदवीसारखं मिरवलं होतं. डावा डोळा मिटायचा, मान किंचित मागे न्यायची, ‘हं’ म्हणायचं आणि खिळा ठोकायचा. बुडबुड्याची लेव्हल वापरणाऱ्यांबद्दल त्याला कीव यायची. चष्म्याशिवाय बायको ओळखू न येणाऱ्या नवऱ्याबद्दल यावी तशी.

अशा माणसाच्या लेकीला चक्कर आणि कान यांच्या डॉक्टरांकडे नोकरी लागली, तेव्हा दवाखान्यातला फळा टांगायचं काम दुसऱ्या कुणाला जाणं शक्यच नव्हतं. लेकीनेच नाव सुचवलं. ती तिथे तोल तपासण्याचं काम करणार होती. महिनाभर बघू आणि मग कायम करू, असं डॉक्टर म्हणाले होते.

फळा म्हणजे डॉक्टरांची स्वतःची कल्पना. काळ्या चौकोनी फळीच्या मधोमध अंधारात चमकणारी एक काठी, ती फिरवायला खाली मूठ आणि मुठीशेजारी अंशांची छोटी तबकडी. आतला कान धड असेल तर माणसाला अंधारातही उभं म्हणजे काय ते कळतं. रुग्णाने मूठ फिरवून काठी उभी करायची. तबकडीवर शून्य आलं तर कान शाबूत. काठी एका अंगाला गेली तर त्या अंगाचा कान कामचुकार.

“मेंदूला तीन बातमीदार असतात, ओळंबेसाहेब,” डॉक्टर म्हणाले. ते याचं आडनाव समजून चालले होते आणि याने त्यांना दुरुस्त केलं नव्हतं. “डोळे, पाय आणि आतला कान. आपण दिवा घालवला की डोळे गप्प. बसवलं की पाय गप्प. मग उरतो कान. तो किती खरं बोलतो ते फळ्यावर दिसतं. म्हणून तर ही खोली सगळी काळी रंगवून घेतली. खिडकी नाही, कोपरा दिसत नाही, डोळ्यांना टेकायला काही नाही.”

“माझ्या डोळ्याला टेकू लागत नाही,” ओळंबा म्हणाला.

“लेव्हल आहे माझ्याकडे. देऊ का?”

ओळंब्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनी लेव्हल घरीच आहे असं सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र ओळंब्याने डॉक्टरांना सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. मागे सर्दी झाली होती, तिच्या पाठोपाठ दोन दिवस घर गरगर फिरलं होतं. त्याने त्याला पित्त म्हटलं, लिंबू चोखलं आणि विषय संपवला. गरगर थांबली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक दाराची डावी चौकट तेवढी त्याच्या खांद्याला घासत होती. दारं फुगली असणार, असं त्याने ठरवलं होतं.

काळ्या खोलीत काळ्या भिंतीवर काळी फळी त्याने टांगली. डोळा मिटला, मान मागे नेली, ‘हं’ म्हटलं.

दवाखाना सुरू झाला आणि पहिल्याच रुग्णाची काठी उजवीकडे गेली. डॉक्टर खूश झाले. दुसऱ्याचीही उजवीकडे गेली. आठवडाभरात अशी वेळ आली, की दाराशी रुग्ण दिसला की उजव्या कानाच्या गोळ्या काढून ठेवायला हरकत नव्हती. हे काय गौडबंगाल आहे, यावर डॉक्टर रात्रंदिवस विचार करू लागले. लोक उजव्या कानाला फोन लावतात म्हणून? उजव्या कुशीवर झोपतात म्हणून? ‘उजव्या कानाची साथ’ असा एक निबंध त्यांनी डॉक्टरांच्या सभेत वाचायला लिहायलाही घेतला.

मग एक निवृत्त हेडमास्तर आले. ते बायकोला घेऊन आले होते. त्यांना स्वतःला काहीही होत नव्हतं. बायकोची तपासणी होईपर्यंत बसून कंटाळले, म्हणून गंमत म्हणून त्यांनीही मूठ फिरवली.

“उजवीकडे,” लेक म्हणाली.

“अहो बाई, मी रोज पहाटे टेकडी चढतो. एका पायावर उभा राहून मोजे घालतो.”

“पण काठी उजवीकडे आहे, सर.”

हेडमास्तर हसत आले होते ते भिंत धरून बाहेर गेले. कारण आजार सांगितला की तो होतोच. त्यानंतर दवाखान्यातल्या फोन घेणाऱ्या बाईंची काठी उजवीकडे गेली. शेवटी डॉक्टरांनी आतून दार लावून घेतलं आणि स्वतः मूठ फिरवली.

“किती?” अंधारातून त्यांनी विचारलं.

लेकीने तबकडीवर पुन्हा बॅटरी मारून पाहिली.

“बोला ना.”

“उजवीकडे, सर. बाकीच्यांइतकीच.”

डॉक्टर चाचपडत उठले. दिवा लावला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. “हे बघा,” ते म्हणाले, “एक तर माझा कान बिघडलाय नाही तर तुमचं वाचन चुकतंय. माझ्या कानाला मी जन्मापासून ओळखतो. तुम्हाला तीन आठवडे. या शनिवारपर्यंत मला शून्यावर काठी आणणारा एक माणूस दाखवा. एकच. नाही दाखवलात, तर सोमवारपासून नाही आलात तरी चालेल.”

घरी येऊन लेक जेवली नाही. ओळंब्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने सगळं सांगितलं.

“एवढंच ना?” तो म्हणाला. “काठी उभी करायची ना? मी येतो.”

“तुम्ही?” आतून बायको मलमाची डबी घेऊन आली होती. “स्वयंपाकघरात सरळ शिरता येत नाही तुम्हाला. खांदा बघा, वांगं झालंय त्याचं. काढा तो शर्ट.”

“दारं फुगलीत.”

“फक्त डावीकडून?”

“डावीकडे ओल आहे,” ओळंबा म्हणाला आणि शर्ट काढून मुकाट खांदा पुढे केला.

शनिवारी तो दवाखान्यात गेला. बाहेरच्या बाकांवर उजव्या कानवाले मान धरून बसले होते. हेडमास्तरही होते, हल्ली ते टेकडी पायथ्यापासून बघून परत यायचे. लेकीने बापाला खुर्चीत बसवलं, दिवा घालवला. ओळंब्याने मूठ हातात घेतली. अंधारात चमकणारी काठी त्याने एकदा अलीकडे, एकदा पलीकडे नेली आणि मधे आणून सोडली. ‘हं’ म्हणाला.

लेकीने तबकडीवर बॅटरी मारली. शून्य.

“पुन्हा,” ती म्हणाली. तिने काठी हलवून ठेवली.

शून्य. पुन्हा शून्य.

डॉक्टर धावत आत आले. “बघू. अहो, बघू तरी.” त्यांनी स्वतः काठी वाकडी करून ठेवली. ओळंब्याने ती परत शून्यावर आणली. डॉक्टरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “ओळंबेसाहेब, मी पाहिलेला हा पहिला निरोगी कान. म्हणजे फळा बरोबर आहे. म्हणजे तुमच्या मुलीचं वाचनही बरोबर आहे. बाई, मी उगाच बोललो तुम्हाला. आणि साथही खरीच आहे म्हणायची.” शेवटचं वाक्य बोलताना मात्र त्यांचा हात नकळत स्वतःच्या उजव्या कानाकडे गेला.

इथे गोष्ट संपली असती, तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. पण निरोगी माणूस हाताशी आलाय तर बाहेरच्या मंडळींनाही दाखवू, असं डॉक्टरांच्या मनात आलं. त्यांनी ओळंब्याला बाहेर बाकांसमोर उभं केलं.

“आता बघा. हे डोळे मिटून, हात पुढे करून जागच्या जागी पावलं टाकतील. कान चांगला असेल तर माणूस होता तिथेच, तोंड होतं तिकडेच राहतो. टाका, ओळंबेसाहेब.”

ओळंबा पावलं टाकू लागला. छाती पुढे, गुडघे वर, एखाद्या संचलनात असल्यासारखा. आपण काय दिमाखात उभे आहोत ते त्याला मनातल्या मनात दिसत होतं. लोकांना मात्र तो हळूहळू डावीकडे वळताना दिसत होता. आधी त्याचा खांदा दिसला, मग पाठ दिसली. मग तो त्याच ऐटीत हात धुण्याच्या बेसिनला जाऊन भिडला.

“झालं?” त्याने डोळे न उघडता विचारलं.

“झालं,” लेक म्हणाली.

डोळे उघडल्यावर आपल्यासमोर आरसा कुठून आला हे त्याला कळेना. बेसिन कुणी हलवलं, असं त्याने विचारलंही.

डॉक्टर गोंधळले. मग त्यांनी हेडमास्तरांना उभं केलं. हेडमास्तरांनी डोळे मिटून पावलं टाकली आणि खिळा ठोकल्यासारखे होते तिथेच राहिले. फोन घेणाऱ्या बाईही राहिल्या. म्हणजे ज्यांचे कान बिघडलेले होते, ते सगळे सरळ, आणि ज्याचा एकट्याचा धड होता, तो बेसिनवर. डॉक्टर खुर्चीत बसले. “हे पुस्तकात नाही,” ते म्हणाले.

लेक मात्र बापाच्या डाव्या खांद्याकडे बघत होती. मग ती आत गेली. बँडेजच्या पट्टीतून तिने एक लांब धागा काढला, त्याला कात्री बांधली, काळ्या खोलीतला दिवा लावला आणि धागा फळ्याच्या वरच्या काठावरून, मधोमध सोडला. डॉक्टर आणि ओळंबा मागोमाग आत आले. कात्री जरा झुलली आणि थांबली. शून्यासाठी फळ्यावर मधोमध आखलेल्या उभ्या रेघेवर धागा यायला हवा होता. तो खाली येता येता रेघ सोडून भलतीकडेच गेला होता.

“सर,” लेक म्हणाली, “फळा वाकडा आहे.”

“फळा सरळ आहे,” ओळंबा म्हणाला.

“फळा सरळच असणार,” डॉक्टर घाईने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर निबंध होता आणि परत बोलवावे लागतील असे सगळे उजव्या कानवाले होते. “आत्ताच शून्य आलं ना? तुमची नोकरी पक्की झाली ना? मग?”

लेकीने मान खाली घातली. कात्री तिच्या बोटांजवळ स्थिर लटकत होती. “फळा वाकडा आहे, सर,” ती पुन्हा म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता. बापाकडे तिने पाहिलं नाही.

ओळंबा जवळ गेला. डावा डोळा मिटून पाहिलं, उजवा मिटून पाहिलं. त्याला जे दिसत होतं ते आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. फळा अगदी सरळ होता आणि धागा तिरका लोंबत होता.

“दोरा वाकडा आहे,” तो म्हणाला.

“बाबा.”

“वारा येत असेल.”

“या खोलीला खिडकी नाही.”

“कात्री एका बाजूला जड असेल.”

लेकीने कात्री सोडून किल्ल्यांचा जुडगा बांधला. धागा तसाच लोंबत राहिला. ओळंबा दुसऱ्या बाजूने जाऊन पाहून आला. जग वाकडं झालं असणं त्याच्या मते अशक्य नव्हतं, बातम्यांवरून तसं वाटायचंही. पण हवेत मोकळा सोडलेला दोरा तिरका? त्याने लेकीकडे पाहिलं. डॉक्टरांसमोर हट्ट धरून ती एकटी उभी होती. दोन म्हातारे एका बाजूला आणि ती आणि किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या बाजूला.

“डॉक्टर,” ओळंबा म्हणाला, “मला फळा सरळच दिसतोय. खोटं कशाला बोलू. पण दोरा तिरका लोंबत नाही. ती म्हणते तसंच असणार. मी वाकडा टांगलाय.” थांबून त्याने पुढे जोडलं, “घरी दारंही फुगलेली नसावीत.”

मग सर्दी निघाली, गरगर निघाली, लिंबू निघालं. डॉक्टरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून गपकन एकीकडे वळवलं, डोळ्यांत पाहिलं आणि सुस्कारा टाकला. तोल सांभाळणारी डाव्या कानाची नस सर्दीच्या मागून सुजली होती. मेंदूने डोळ्यांच्या मदतीने कारभार कसाबसा चालू ठेवला होता. अंधारात मात्र बातमीदार एकच आणि तोही डावीकडे कलणारा. त्याच कलाने टांगलेला फळा फक्त त्यालाच शून्य दाखवत होता आणि धड कानवाल्यांची काठी उजवीकडे. औषध आणि व्यायामाने होईल नीट, ते म्हणाले.

“म्हणजे बाहेरच्या सगळ्यांचे कान?” त्यांनी लेकीला विचारलं.

“ठीक आहेत, सर.”

“आणि...” डॉक्टरांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “माझा?”

“तुमचाही.”

डॉक्टरांनी खिशातून उजव्या कानाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. निबंधाचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. “सोमवारी वेळेवर या,” ते लेकीला म्हणाले. “आणि तुम्हाला कायम केल्याचं पत्र करून टाकू. बाकी फळा तेवढा आजच नीट करून घ्या.”

ओळंब्याने वरचा स्क्रू सैल केला. लेक धागा धरून उभी राहिली.

“उजवीकडे,” ती म्हणाली.

त्याने सरकवला.

“अजून.”

“अजून? अगं, पडेल तो.”

“अजून थोडा, बाबा.”

त्याला धडधडीत तिरका दिसणारा फळा त्याने दात आवळून तसाच पकडून धरला. आयुष्यभर ज्यावर हसला असं काम त्याच्या स्वतःच्या हातून होत होतं. लेक म्हणाली, “बास,” तेव्हा त्याने स्क्रू आवळला.

हेडमास्तर दारातून डोकावत होते. कान बरा असल्याचं ऐकून त्यांना भलताच हुरूप आला होता. त्यांनी फळा पाहिला, धागा पाहिला आणि मान डोलावली.

“वा, ओळंबा. नजर म्हणजे नजर आहे बुवा तुमची.”

ओळंब्याने लेकीकडे पाहिलं. ती धागा गुंडाळत होती आणि तिला तोंड वर करायची अजिबात घाई नव्हती.

“हं,” ओळंबा म्हणाला आणि खोलीबाहेर निघाला. यावेळी डाव्या चौकटीला हात लावून, चाचपत.