दवाखान्यातले कंडक्टर

“नाव नोंदवायचं, नर्सला त्रास सांगायचा, हाक आली की आत जायचं. तासाभरात घरी!” लेकीने बाबांना छातीठोकपणे सांगितलं. सरकारी दवाखान्याचे नियम तिने परीक्षेला बसल्यासारखे वाचले होते. आई गेल्यापासून बाबांचं जेवण चिमणीएवढं झालं होतं, जिना चढताना धाप लागत होती. किती विनवण्या केल्या तेव्हा आज निघाले. आज तसेच परतले तर पुन्हा म्हणून यायचे नाहीत!

नाव नोंदवलं. त्यांच्या वस्तीसाठी नेमलेल्या डॉक्टरीणबाईंची खोली सापडली. बाबांना बाकावर बसवून ती पाणी आणायला गेली, आणि तिथेच घात झाला!

बाबांची सारी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेली. डॉक्टरांच्या दाराशी लोंबकळणारी गर्दी पाहून त्यांच्यातला कंडक्टर उठून उभा राहिला.

“दार सोडा, दार सोडा! मागे जागा आहे! ओ दादा, तुमचं पोट दुखतंय ना? मग पायांवर उभे राहा, ताईंना बसू द्या!”

लेक परतली तेव्हा अख्खी गर्दी शहाण्या मुलांसारखी ओळीत बसली होती.

“बाबा, तुमचं नाव पुकारलं?”

“पुकारलं की. या आजींना पाठवलं. गुडघे बघ त्यांचे!”

पुन्हा पुकारलं, तर रडणारं बाळ आत गेलं. मग एक खोकला गेला, एक सुजलेला गाल गेला. आता तर नर्सच विचारू लागली, “काका, पुढचं कोण?”

“बाबा, अहो, आजारी आपण आहोत!” लेक रडकुंडीला आली.

“हळू बोल. माणसं घाबरतात.”

शेवटी डॉक्टरीणबाईच पर्स खांद्याला लावून बाहेर आल्या. “काका, आज काम कसं झरझर उरकलं! नवीन लागलात का?”

लेक दारात आडवी उभी राहिली. “ते पेशंट आहेत!”

बाई परत खुर्चीत बसल्या. “बोला काका, काय होतंय?”

बाबांनी सवयीने शेजारी पाहिलं. आजवर त्यांचं दुखणं आई सांगायची, ते फक्त जीभ दाखवायचे. शेजारी आता लेक होती.

“सांग ना,” ते म्हणाले.

धाप लागते, लेकीने सांगितलं. पुढे? झोप लागते का? कुठे दुखतं का? तिला काहीच ठाऊक नव्हतं.

“तुम्हीच सांगा, काका.”

बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, “भूक असते हो. पण ‘टाकू नका, संपवा ते’ म्हणून कुणी ओरडत नाही.”

लेक खिडकीबाहेर बघू लागली.

बाईंनी छाती तपासली, रक्त तपासायला सांगितलं, गोळ्या दिल्या आणि मग आवाज चढवला. “पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं पाहिजे! पोरीला किती घोर लावाल?”

बाहेर आलेल्या बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. “बाई हुशार आहे! काय झापलं मला!”

“गोळ्या कधी घ्यायच्या म्हणाल्या?”

“मला काय माहीत? तू होतीस ना तिथे!”

लेक मुकाट्याने पुन्हा आत गेली, आणि स्वतःच्या वाट्याची बोलणी खाऊन आली.