पिंपळखुटे साहेबांचं खुराडं

पिंपळखुटे साहेब रोज एकच फळी विकत घ्यायचे. डझनानं नाही, जोडीनं नाही. एक. सकाळी अकराला लकडगंजात माझ्या दुकानासमोर सायकल लावायची, कातडी पाकिटातून पोलादी टेप काढायचा, फळी उभी मोजायची, आडवी मोजायची, तिरपी मोजायची, माझ्याशी तासभर भांडायचं आणि मग ती फळी कॅरिअरला सुतळीनं बांधून घरी न्यायची.

आता त्यांचं घर कुठं? तर माझ्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, "साहेब, इतक्या उन्हात काहून येता? सकाळी भिंतीवरून माप सांगा, संध्याकाळी मीच आणून देतो."

"खरेदी दुकानात होते, लांजेवार," ते म्हणाले. "भिंतीवर गप्पा होतात."

आणि गप्पा त्यांना येत नव्हत्या.

फळ्या हव्या होत्या कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. साहेब रिटायर झाले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या बाई वारल्या. मुलगा भिलाईला. घरामागे जागा पडलेली. कोणीतरी सांगितलं, कोंबड्या पाळा, वेळ जातो. साहेबांनी ते सरकारी हुकुमासारखं मनावर घेतलं.

माझा यांच्यावर राग होता. तोही सांगून टाकतो. साहेब वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. शेर जाऊन किलो आले तेव्हा माझी जळाऊ लाकडाची छोटीशी टाल होती. दोन हात, एक कुऱ्हाड आणि तोंड, एवढंच माझं भांडवल. एक दिवस हे आले, माझं दहा किलोचं वजन उचललं, उलटं केलं, आणि म्हणाले, "हलकं आहे." ते वजन मी जुन्या बाजारातून घेतलं होतं. ते हलकं आहे हे मला माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्न वेगळा. मी बोलायला तोंड उघडलं, तर यांनी हात वर केला.

"माप बोलू द्या. तुम्ही बोलू नका."

सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. दंड भरला, तो विसरलोही. पण ज्या तोंडावर मी पोट भरतो ते या माणसानं चारचौघांत बंद केलं, हे मी विसरलो नाही. पुढे टालीचं दुकान झालं, दुकानाशेजारी लाकूड कापायची आरामशीन आली, घासाघीस करून घराला प्लॉटही घेतला. फक्त शेजारी कोण येणार हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून साहेब गिऱ्हाईक होऊन आले तेव्हा मला आनंद झाला. मी दुप्पट भाव सांगायचो, ते निम्मा म्हणायचे. मी फूट-इंच बोललो की ते "सेंटिमीटर म्हणा" म्हणायचे. मी आडजात लाकूड साग म्हणून पुढे केलं की ते नखानं ओरखडा काढून वास घ्यायचे. दुकानात एक खुर्ची आहे. इतर गिऱ्हाईक आलं की मी तिच्यावरचा भुसा पुसतो. यांच्यासाठी पुसत नसे. ते रुमाल अंथरून बसायचे. दुकानदाराचा चहा घ्यायचा नाही हा नोकरीतला नेम रिटायर झाल्यावरही पाळत. तीस वर्षांत त्यांनी कोणाला अर्धा इंच सोडला नव्हता आणि मला तर मुळीच सोडत नव्हते.

खुराडं मात्र त्यांनी मनापासून घेतलं होतं. मुंगूस शिरू नये म्हणून जमिनीपासून हातभर उंच. तोंड पूर्वेला. वर छपराला कवेलू. पुढे कोंबड्यांना पाय मोकळे करायला जाळीचं आवार, आणि मांजरानं उकरू नये म्हणून जाळी वीतभर जमिनीत पुरलेली. कोंबड्यांना बसायला दांडी किती जाड हवी, हे ठरवायला ते बाजारात गेले आणि एका बाईच्या कोंबडीचा पंजा टेपनं मोजून आले.

ती बाई म्हणाली, "घेता का नाही कोंबडी?"

"अजून घर तयार नाही," साहेब म्हणाले.

"कोंबडीले घर लागते, का जावयाले?"

हे त्यांनीच मला सांगितलं, न हसता. त्यांना ते पंजाचं माप सांगायचं होतं.

असे दोन उन्हाळे गेले. रोज फळी जात होती. आमच्या घरी साऱ्यांचं हसून झालं. बायको म्हणायची, "इतक्या दिवसात त कोंबडीले नातू झाले असते!" मीही हिशोब घालून पाहिला. इतक्या लाकडात कोंबड्यांचं काय, माझ्या तीन बहिणींचं घर झालं असतं.

मग एका रविवारी दुपारी वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गच्चीवर गेलो आणि खाली साहेबांच्या घरामागे पाहिलं; तो कोपरा भिंतीवरून दिसत नसे. खुराडं उभं होतं. पुरं झालेलं, देखणं. दाराला कडीसुद्धा होती. आणि साहेब पकड घेऊन त्याच्या फळ्या उखडत होते. एक खिळा काढायचा, दगडावर ठेवून सरळ करायचा, डब्यात टाकायचा. मग पुढचा. मागच्या पडवीत माझ्या फळ्यांची थप्पी लागलेली, छातीइतकी उंच.

माझं डोकं फिरलं. कुरडया तशाच टाकून खाली आलो आणि भिंत ओलांडली.

"हे काय करून राहिले साहेब? झालेलं खुराडं कोणी उकलते का? माझ्या लाकडात खोट काढता?"

ते दचकले. पकड पाठीमागे लपवली. तो चेहरा मी ओळखला. ते हलकं वजन उलटं झालं तेव्हा माझा असाच झाला असणार.

"लाकूड चांगलं आहे," ते म्हणाले.

"मंग?"

ते खाली बसले. सरळ झालेला खिळा पुन्हा सरळ करत राहिले.

"खुराडं दिवाळीतच झालं होतं. कोंबड्या आणायला सायकल काढली. फाटकापर्यंत गेलो. मग वाटलं, उद्या अकरा वाजता कुठं जायचं?"

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"मी बाजारात शिरलो की बाजार गप्प व्हायचा, लांजेवार. मीच केला गप्प. तो अजून गप्पच आहे. किराणावाला 'हो साहेब' म्हणते. दूधवाला 'हो साहेब' म्हणते. पोरगा पत्रात लिहिते, तब्येत ठीक असेल." खिळा त्यांनी डब्यात टाकला. "भांडता ते तुम्ही एकटे."

आयुष्यात दुसऱ्यांदा माझं तोंड बंद झालं. या वेळी कोणी हात वर केला नव्हता.

साहेबच उठले. गुडघे झटकले, आवाज पुन्हा इन्स्पेक्टरचा केला. "हे बरोबर नाही. तुमचा वेळ मी खोट्या कारणानं घेतला. आज सगळं परत ठोकतो. दाराची एक फळी उकलताना चिरली, तेवढी उद्या नेतो. एकाहत्तर सेंटिमीटर. शेवटची."

ती दुपार मला जड गेली. दोन वर्षं मी ज्याला सूड समजत होतो, त्यासाठी हा माणूस रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, उन्हात सायकल मारत येत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला ते आले. आरामशीनवर नेहमीचा माणूस होता, त्याला मी बाजूला केलं आणि हातकरवत घेतली. एकाहत्तरवर खूण केली. कापलं सत्तरवर.

साहेबांनी टेप काढला. फळी मोजली. पुन्हा मोजली. अंगठ्याचं नख सत्तरच्या रेघेवर थांबलं, तिथंच राहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि तोंड उघडलं.

मी हात वर केला.

"माप बोलू द्या साहेब. तुम्ही बोलू नका."

साहेबांनी टेप पाकिटात घातला, बटण लावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फळी सायकलला बांधून गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वळणावरूनच सायकलची घंटी आणि मागोमाग आवाज ऐकू आला. अर्धं लकडगंज बाहेर येऊन पाहत होतं.

"लांजेवार! एक सेंटिमीटर कमी! दिवसाढवळ्या लूट!"

"बोंबलू नका, आत या," मी बोंबललो, आणि खुर्चीवरचा भुसा पुसून काढला.